ब्रह्मगिरीच्या पाण्याचं बिल

नाशिककरांनो, घरी पाणीपट्टीचं बिल आलं की या खेपेला ते फक्त भरून टाकू नका, दोन मिनिटं त्याचा विचार करा. आपण जे पैसे भरतो त्यात काय काय येतं? गंगापूर धरणातून पाणी उचलायला लागणारी वीज, जलशुद्धीकरण केंद्रातली तुरटी आणि क्लोरीन, फुटलेल्या पाइपलाइनची दुरुस्ती, माणसांचे पगार, पाटबंधारे खात्याचा आकार. हे सगळं बरोबरच आहे. पण ज्या डोंगरांनी आषाढ-श्रावणातलं पाणी अडवलं, मुरवलं, गाळलं आणि सावकाश धरणात सोडलं, त्यांच्या नावावर त्यात एक रुपयाही नाही. त्या डोंगरांवर राहणाऱ्या माणसांच्या नावावरही नाही.

जंगल आपल्यासाठी जी कामं करतं पण ज्यांचं बिल पाठवत नाही, त्यांना अभ्यासक ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. या सेवांचं रूपांतर खऱ्याखुऱ्या उत्पन्नात करायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. काही ठिकाणी ते चांगले जमले, काही ठिकाणी अजिबात जमले नाहीत. जिथे जंगल जास्त तिथे पैसा जास्त, असं सरळ गणित कुठेच दिसत नाही. उलट बऱ्याचदा सर्वांत घनदाट जंगलाच्या कुशीतली गावं सर्वांत गरीब असतात. असं का होतं, हे मला इथे उलगडून सांगायचं आहे, आणि त्यासाठी आपला नाशिक जिल्हा फार उपयोगी आहे.

आधी जंगल नेमकं करतं काय ते बघू. त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलच्या रस्त्याला लागलं की पावसाळ्यात शेजारी शेजारी दोन डोंगर दिसतात. एकावर ऐन, जांभूळ, उंबर, खाली कारवीचं दाट रान. दुसरा बोडका, नुसता गवताचा पापुद्रा. मोठी सर आली की बोडक्या डोंगरावरून अर्ध्या तासात तांबडंलाल पाणी धो धो खाली येतं आणि तासाभरात ओहोळ आटतो. झाडीच्या डोंगरावरून पाणी उशिरा उतरतं, पण नितळ उतरतं. पाचोळ्याचा थर ते आधी पिऊन घेतो, कारवीची मुळं उतारावरची माती घट्ट धरून ठेवतात, आणि मुरलेलं पाणी दिवाळीनंतरही कुठल्या तरी कपारीतून झिरपत राहतं. खालच्या धरणाच्या दृष्टीनं या दोन डोंगरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक डोंगर पाणी देतो, दुसरा पाण्याबरोबर गाळ देतो, आणि त्या गाळानं धरणाची साठवण वर्षागणिक कमी होत जाते.

तोच झाडीचा डोंगर आणखी बरंच काही देतो. मे महिन्यात करवंदं, त्याआधी मोहाची फुलं, पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, मग फोडशी, टाकळा. सरपण, गवत, मध. खालच्या शेतांतल्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांची पोळी तिथेच असतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जे हजारो लोक अनवाणी चालतात, तेही त्या डोंगराकडून काहीतरी घेऊनच घरी जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं झालेल्या २००५ च्या मोठ्या जागतिक अहवालानं या सेवांचे चार गट पाडले: हाती पडणाऱ्या वस्तू, पाणी-हवा-माती सांभाळण्याचं काम, मनाला आणि श्रद्धेला मिळणारं समाधान, आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली माती घडवण्यासारखी कामं. गट लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. वस्तू विकता येते, काम विकता येत नाही, एवढा फरक मात्र लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण झाडांच्या प्रेमापोटी तो आपणच पसरवतो. झाडं पाणी तयार करत नाहीत. झाडं पाणी पितातही. कमी पावसाच्या मुलखात माळावर दाट झाडी उभी केली तर खालच्या विहिरींचं पाणी कमीसुद्धा होऊ शकतं. म्हणजे इगतपुरीला जे जंगल वरदान आहे, तेच येवल्याला नेऊन लावलं तर वरदान ठरेलच असं नाही. सेवेचं मोल जागेवर ठरतं.

मोल, किंमत आणि हातात पडलेला पैसा

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, मोल आणि किंमत. आईच्या मायेला मोल नाही असं आपण म्हणतो, किंमत नाही असं म्हणत नाही. जंगलाच्या अर्थशास्त्रात या दोन शब्दांतलं अंतर फार महत्त्वाचं आहे, आणि त्याला तिसरा एक शब्द जोडावा लागतो, तो म्हणजे हातात पडलेला पैसा.

मोल मोजायच्या पद्धती आहेत. मोहाच्या फुलांचा बाजारभाव थेट घेता येतो. केंद्र सरकारनं २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलांचा किमान आधारभूत भाव किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला, तो आकडा घेऊन एका गावाच्या मोहाचं उत्पन्न काढता येतं. पाण्यासाठी उलटा प्रश्न विचारतात: जंगल नसतं तर हेच काम करायला यंत्रं बसवून किती खर्च आला असता? पर्यटनासाठी लोक किती लांबून, किती पैसे खर्चून येतात ते बघतात. अशा सगळ्या पद्धती वापरून रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था सेवांचं मोल वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढलं. जगाच्या त्या वेळच्या एकूण उत्पन्नापेक्षा तो आकडा मोठा होता. त्यावर टीका भरपूर झाली, पण हा विषय चर्चेत आला तो त्या आकड्यामुळेच.

मला मात्र अशा प्रचंड आकड्यांची थोडी धास्ती वाटते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडं तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये सांगितलं की एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरावं आणि त्याला झाडाच्या वयानं गुणावं. त्यातले ४५,००० रुपये नुसत्या ऑक्सिजनचे होते. शंभर वर्षांच्या वडाचं मोल पाऊण कोटीच्या घरात गेलं असतं. ऐकायला बरं वाटतं, पण ऑक्सिजनची हवेत टंचाई नाही, तो कुणी विकत घेत नाही, आणि असा दर खरोखर लावला तर सरकारं कर्जबाजारी होतील हे न्यायालयालाही दिसलं. जो आकडा भरणारा कुणी नसतो तो भाषणात राहतो. २०२५ च्या अखेरीला तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायला नाशिककरांनी विरोध केला, तेव्हाही ‘एका झाडाऐवजी इतकी झाडं लावू’ हाच हिशेब पुढे आला. जुन्या झाडाची सावली, त्यावरची घरटी, त्याखालच्या मातीची ओल हे सगळं रोपांच्या संख्येत मोजता येत नाही, आणि रोप मोठं होईपर्यंतच्या पंधरा-वीस वर्षांची सावली कोण भरून देणार, याचं उत्तर त्या हिशेबात नसतं.

म्हणजे मोल काढणं ही पहिली पायरी झाली. त्याची किंमत ठरणं ही दुसरी. आणि तो पैसा जंगल सांभाळणाऱ्याच्या हातात पडणं ही तिसरी. पहिली पायरी आता जवळजवळ सगळीकडे चढून झाली आहे. प्रदेशाप्रदेशांत फरक पडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर.

ज्यांना जमलं, त्यांना का जमलं

न्यूयॉर्क शहराचं सुमारे नव्वद टक्के पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं. गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कायद्यानं शहराला पेचात पकडलं: एकतर पाणी गाळायचा अवाढव्य प्रकल्प बांधा, नाहीतर मुळातच पाणी स्वच्छ येतं हे सिद्ध करा. प्रकल्पाचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर होता, वर चालवण्याचा खर्च वेगळा. शहरानं १९९७ मध्ये डोंगरावरच्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांना गोठ्याचं सांडपाणी ओढ्यात न सोडण्यासाठी मदत, ओढ्याकाठची झाडी राखण्यासाठी पैसे, गावांना मैलाशुद्धीकरणाच्या सोयी. याचा खर्च प्रकल्पाच्या तुलनेत कितीतरी कमी आला. इथे लक्षात घ्या, पैसे देणारा एकच होता, श्रीमंत होता, पाणी कुठून येतं हे त्याला ठाऊक होतं, आणि कायदा मानेवर होता. चारही गोष्टी एकत्र आल्या.

कोस्टा रिका या छोट्या देशानं दुसरी वाट काढली. गेल्या शतकात तिथलं जंगल गुरांच्या कुरणांसाठी झपाट्यानं तुटलं. १९९६ च्या वनकायद्यानं त्यांनी चार सेवांना अधिकृत मान्यता दिली: कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. पुढच्याच वर्षापासून इंधनावरच्या कराचा ठरावीक भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मिळू लागला. आज त्या देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर झाडी आहे. सगळं श्रेय या योजनेला देता येणार नाही, जंगल तोडायलाच बंदी आली होती, मांसाचे भाव पडले होते, पर्यटन वाढलं होतं. पण पेट्रोल भरणाऱ्यानं जंगलाला पैसे द्यायचे, ही व्यवस्था मला मनापासून पटते.

चीनचं उदाहरण आपल्या सर्वांत जवळचं आहे. तिथे सेवा जन्माला येतात पश्चिमेला आणि पैसा असतो पूर्वेला. छिंगहाय प्रांताच्या पठारावर पीत नदी, यांगत्से आणि मेकाँग यांचे उगम आहेत. त्या पठाराचं मोल काढलं तर डोळे विस्फारतील, पण तिथल्या पशुपालकाला त्यातलं उत्पन्न म्हणून फार थोडं मिळतं. बहुतेक भिस्त बीजिंगहून येणाऱ्या सरकारी निधीवर. उलट समुद्राजवळच्या चच्यांग प्रांतातल्या लिशुई शहरात २०१९ पासून परिसंस्थेच्या एकूण उत्पादनाचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नासारखा ठेवायचा प्रयोग सुरू झाला. लिशुईच्या डोंगरातला चहा, मशरूम, घरगुती निवास यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, कारण हांगचौ आणि शांघायचे पैसेवाले लोक काही तासांवर आहेत. दोन्हीकडे निसर्ग संपन्न आहे. एकीकडे बाजार दाराशी, दुसरीकडे बाजार हजारो किलोमीटर लांब.

त्याच चीनमध्ये शिनआन नदीवर २०१२ पासून एक करार चालू झाला. तो आपल्या राज्यकर्त्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. नदी वरच्या आन्हुई प्रांतातून खालच्या चच्यांगमध्ये जाते. दोघांनी पैज लावावी तसं ठरवलं: सीमेवर पाण्याचा दर्जा ठरल्याप्रमाणे चांगला असेल तर खालच्यानं वरच्याला १० कोटी युआन द्यायचे. पाणी घाण आलं तर वरच्यानं खालच्याला तेवढेच द्यायचे. केंद्र सरकारनं वर आपली भर घातली. वर राहणाऱ्याला पाणी राखण्याचं कारण मिळालं आणि खालच्याला पैसे देण्याचं समाधान.

आपल्या देशात पैसे कधी मिळतात

भारतात जंगलाची किंमत ठरलेली आहे, अगदी हेक्टरी ठरलेली आहे. फक्त ती जंगल तोडायच्या वेळी वसूल होते. गोदावर्मन खटल्यातून सर्वोच्च न्यायालयानं अशी पद्धत घालून दिली की खाण, रस्ता, धरण अशा कामासाठी वनजमीन वळवायची असेल तर त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागेल. जंगल राहिलं असतं तर पुढच्या वर्षांत त्यानं दिलेल्या सेवांची आजच्या रुपयातली बेरीज, असा त्याचा अर्थ. प्रा. कांचन चोप्रा यांच्या समितीनं त्याचा पाया घातला आणि २००८ मध्ये दर ठरले. सर्वांत जास्त दर ओल्या प्रदेशातल्या अतिघनदाट जंगलाला, हेक्टरी १०.४३ लाख रुपये. सर्वांत कमी विरळ काटेरी जंगलाला, ४.३८ लाख. २०२२ मध्ये हे दर वाढवले गेले, पण उतरंड तीच राहिली.

आता नाशिकचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि नांदगाव-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्याचं पश्चिम टोक या दरपत्रकाच्या वरच्या रकान्यांत बसतं आणि पूर्व टोक तळाच्या. ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप हिंडतात, पण त्या माळाकडे बघून कागदावर ‘विरळ’, ‘पडीक’ असे शेरे पडतात. पर्यावरणाच्या कामाला गुण म्हणजे क्रेडिट देणाऱ्या, २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांमध्येही भर आहे तो झाडं लावण्यावर. काळविटाला धावायला मोकळा माळ लागतो. तिथे झाडांची दाटी करून क्रेडिट मिळवलं तर हिशेबाच्या वहीत भर पडेल आणि माळ मरेल. मोजण्याची पट्टी जंगलाची आणि मोजायचा माळ, असं झालं की काय होतं त्याचं हे उदाहरण आहे.

वसूल झालेले पैसे कॅम्पा या निधीत जातात. २०१९ मध्ये केंद्रानं त्यातले ४७ हजार कोटींहून जास्त राज्यांना दिले. पैसा मोठा आहे, पण तो पर्यायी वनीकरणासाठी, वनखात्यामार्फत. जे जंगल उभं आहे, ज्याला गावानं हात लावू दिला नाही, त्या गावाला या वाटेनं काही मिळत नाही. माणूस जिवंत असेपर्यंत मजुरी द्यायची नाही आणि गेल्यावर विम्याची रक्कम दुसऱ्याच घरी पोचवायची, तशातला हा प्रकार आहे.

दुसरी वाट वित्त आयोगाची. चौदाव्या आयोगानं केंद्रीय करांच्या वाटपात जंगलाला ७.५ टक्के वजन दिलं, पंधराव्यानं ते १० टक्के केलं. जंगल राखणाऱ्या राज्यांना याचा खरा फायदा झाला. पण पैसा राज्याच्या तिजोरीत एकदा पडला की तो जंगलाचा म्हणून वेगळा राहत नाही.

भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचं मोल काढलं. केरळमधल्या पेरियारचं वर्षाला सुमारे १,७६० कोटी निघालं, रणथंबोरचं सुमारे ८३० कोटी. पेरियारच्या आकड्यात मोठा भाग, चारशे कोटींच्या वर, तामिळनाडूच्या जिल्ह्यांना मिळणाऱ्या पाण्याचा होता. जंगल केरळात, पाणी तामिळनाडूत. रणथंबोरला वाघ बघायला येणारा माणूस निदान जंगलाच्या दाराशी पैसे मोजतो. पाणी पिणारा त्या दाराशी कधी येतच नाही.

हिमाचलमधल्या पालमपूर शहरानं मात्र एक छोटी गोष्ट करून दाखवली. शहराला पाणी देणाऱ्या बोहल झऱ्याच्या वरच्या अंगाला तीन गावं आहेत. २०१० मध्ये नगरपरिषदेनं त्यांच्याशी लेखी करार केला: तुम्ही पाणलोटातलं जंगल सांभाळा, आम्ही दरवर्षी दहा हजार रुपये देऊ. दहा हजार म्हणजे काहीच नाही, मान्य. पण शहरानं कागदावर कबूल केलं की आमचं पाणी तुमच्या रानातून येतं, आणि ही कबुलीच आपल्याकडे कुठे दिसत नाही.

गडचिरोली आणि सुरगाणा

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तुलना करायची तर मी नेहमी या दोन मुलखांची करते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा राज्यभर पोचली. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले आणि गावानं स्वतः बांबू विकला. चंद्रपूरच्या पाचगावनंही तेच केलं. पुढे गडचिरोली-गोंदियातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. जंगलाची सेवा पैशात बदलायची सर्वांत ठळक घटना आपल्या राज्यात तिकडे घडली.

मग आपल्या पश्चिम नाशिकच्या पेठ-सुरगाण्यात का नाही? तिथली माणसं कमी संघटित आहेत असं कुणी म्हणेल तर त्यानं मार्च २०१८ आठवावा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस, पायांना फोड आलेले हजारो शेतकरी, आणि मागण्यांमध्ये अग्रक्रमानं वनजमिनीचे पट्टे. संघटना होती. पण लढा मुख्यतः होता कसणाऱ्याच्या नावावर जमीन होण्याचा, आणि तो असणं स्वाभाविकही होतं, कारण तिथलं जंगल तुकड्यातुकड्यांचं आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे, नाशिकचा दहा टक्केही नाही. नाशिकच्या डोंगरउतारावर नागली आणि वरईची शेतं आहेत, मध्ये मध्ये झाडी आहे. इथे ट्रक भरभरून जाईल असा बांबू नाही, तेंदूपत्त्याचा तसला लिलाव नाही.

या डोंगरांचं मुख्य उत्पादन पाणी आहे. आणि पाण्याचा व्यापारी गावात येत नाही. बांबूचा ट्रक गावच्या नाक्यावर थांबवता येतो, पावती फाडता येते. ओढा थांबवून पावती कशी फाडणार?

हाती विकता येतं ते एवढंच. गेल्या मे महिन्यात पेठ रोडला एका वळणावर एक मावशी पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसल्या होत्या. प्रत्येक द्रोणात काळीभोर करवंदं, वर एखादं लालसर राहिलेलं, पानाच्या कडेला काडी टोचलेली. द्रोण वीस रुपयांना. हातांवर काट्यांचे ओरखडे होते, बोटं चिकानं काळी झाली होती. पहाटे रानात जायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं, द्रोण लावायचे आणि गाडीची वाट बघत बसायचं. गाडीतल्या माणसानं काच खाली करून ‘पंधराला दे’ म्हटलं. मावशींनी दिले. जंगलाच्या सगळ्या सेवांपैकी जी थेट पैशात बदलते, तिचाही भाव असा काचेच्या आतून ठरतो.

आता पाण्याकडे या. पश्चिम नाशिकचं पाणी चार दिशांना जातं. गोदावरीतून नाशिक शहराला आणि पुढे जायकवाडीला. ऊर्ध्व वैतरणेतून मुंबईला. दमणगंगा, पार, नार यांतून गुजरातकडे. दारणेतून, पुढे गोदावरीच्या कालव्यांवाटे, निफाड-कोपरगावच्या शेतांना. या प्रत्येक थेंबावर भांडण आहे, करार आहे, न्यायालयाचा निकाल आहे. २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा आहे, गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचं ते गाजलेलं ६५ टक्क्यांचं सूत्र आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत तेवढं पाणी नसेल तर वरच्या धरणांनी सोडायचं. दर दुष्काळी वर्षी नाशिक विरुद्ध मराठवाडा असा सामना रंगतो आणि टीएमसीचे आकडे वर्तमानपत्रभर असतात. या सगळ्या वादात धरणाच्या भिंतीच्या वर काय आहे, हा प्रश्न कुणी काढत नाही. दोन्ही बाजू जे पाणी वाटून घ्यायला बसल्या आहेत, ते अडवून धरणारा डोंगर मात्र वाटाघाटीत नाही.

आणि त्या डोंगरावरच्या पाड्यांवर एप्रिलपासून टँकर. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण पश्चिम नाशिकला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुठे पडत असेल. बायका झिऱ्याकाठी पाळी लावून बसतात, वाटीनं पाणी काढून हंड्यात भरतात, एक हंडा भरायला किती वेळ लागेल ते झिऱ्याच्या मर्जीवर.

पैसा अजिबात निर्माण होत नाही असंही नाही, तो दुसरीकडे साठतो. गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे तोंड करून जे बंगले, रिसॉर्ट आणि वाइनरी उभ्या आहेत, तिथल्या जमिनीच्या भावात समोरचं पाणी आणि मागचा हिरवा डोंगर मिसळलेला आहे. ‘लेक व्ह्यू’, ‘हिल व्ह्यू’ असं जाहिरातीत लिहून तो विकला जातो. परिसंस्था सेवेचं पैशात रूपांतर याला म्हणतात, आणि ते नाशिकमध्ये रोज चालू आहे. फक्त तो पैसा जमीन घेणाऱ्या-विकणाऱ्यांकडे जातो. डोंगर हिरवा ठेवणारा पाडा त्या व्यवहारात कुठेच नसतो.

झाडांनी हवेतला कार्बन शोषला की त्याचे पैसे मोजणाऱ्या कार्बनच्या बाजाराबद्दल हल्ली सगळे विचारतात. कार्बनचा एक गुण आहे: हरसूलच्या झाडानं शोषलेला टन आणि ब्राझीलच्या झाडानं शोषलेला टन सारखाच, त्यामुळे गिऱ्हाईक जगात कुठेही असू शकतं. मेघालयच्या खासी टेकड्यांत, जिथे जंगलं परंपरेनं समाजाच्या मालकीची आहेत, तिथे गावांच्या महासंघानं हे करून दाखवलं. मालकी स्पष्ट होती म्हणून करार कुणाशी करायचा हा प्रश्नच आला नाही. आपल्याकडे वरकस जमिनीवर आंबा-काजू लावणाऱ्यांकडेही आता कागद घेऊन लोक येतात. माझं एवढंच सांगणं आहे की करार वीस-तीस वर्षांचा असतो, मोजणीचा खर्च कोण करणार आणि झाड वणव्यात गेलं तर नुकसान कुणाच्या माथी, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय आणि ग्रामसभेत वाचल्याशिवाय सही करू नये.

पाण्याचं तसं नाही. पाण्याला गिऱ्हाईक एकच, खालचं गाव किंवा शहर. म्हणून पाण्याचा सौदा ओळखीच्या दोन पक्षांनी समोरासमोर बसूनच करावा लागतो. नाशिकच्या बाबतीत हे दोन पक्ष एका तासाच्या अंतरावर आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. तेव्हाचा जुना आकडाच धरला आणि माणशी महिन्याला एक रुपया पाणीपट्टीत ‘पाणलोट’ म्हणून वेगळा दाखवला, तरी वर्षाला पावणेदोन कोटींच्या वर जातात. गंगापूर, काश्यपी आणि गौतमी गोदावरी या धरणांच्या वरच्या पाड्यांसाठी हा पैसा राखून ठेवता येईल. ज्या ग्रामसभेनं वणवा लागू दिला नाही, कुऱ्हाडबंदी पाळली, चर खोदले, तिला तो मिळेल. ओढ्याच्या तोंडाशी गढूळपणा मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. आन्हुई-चच्यांगसारखी अट घालता येईल: पाणी नितळ आलं तर पूर्ण रक्कम, नाही आलं तर कमी.

यात धोकेही आहेत आणि ते मी लपवणार नाही. पैसा आला की जंगलाचं रक्षण म्हणजे गावाला जंगलात येऊ न देणं, असा सोयीचा अर्थ लावला जाऊ शकतो. ज्याच्या नावावर जमीन त्यालाच पैसे, असं झालं तर भूमिहीन करवंदवाली मावशी पुन्हा बाहेर. आणि रुपया मिळतो म्हणून राखलेलं रान, रुपया बंद झाला की तुटू शकतं. म्हणून पट्टे आणि सामूहिक हक्क आधी, करार नंतर, हा क्रम मला सोडता येत नाही.

हा सगळा हिशेब मी गेल्या वर्षी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर एका आजींना समजावून सांगत होते. संध्याकाळची वेळ, अंगणात पाखडलेली वरई पसरलेली, खाली लांबवर धरणाचं पाणी चमकत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एक रुपया, दीड लाख माणसं की पंधरा, असं मध्येच एकदा विचारलं. मग घराच्या मागच्या चढावर बांधलेल्या सिमेंटच्या टाकीकडे बोट केलं. टाकीला रंग होता, तारीख घातलेली होती, नळ बसवलेला होता.

“ताई, तुमी पैशाचं ठरवा सावकाश,” त्या म्हणाल्या, “त्या टाकीत पानी कवा सोडतील तेवढं इचारून या.”